ब्रिसा थांबली

ब्रिसा आमच्या घरी आली त्या दिवशी शेजारच्या पारूबाई मावशींनी फाटकातून विचारलं, "करुणा, हे वासरू कुठून आणलं गं?" मम्मी म्हणाली, "यांना विचारा." यांना म्हणजे पप्पांना, आणि अशा आवाजात म्हणजे घरात भांडण चालू आहे.

वासरू म्हणण्यासारखीच होती ती. पांढरं अंग, त्यावर कोणीतरी मूठभर चहापत्ती उधळल्यासारखे तपकिरी ठिपके, अळूच्या पानांसारखे लोंबणारे कान आणि गळ्याखाली कातडीची सैल झोळी. ओठ तर इतके लोंबकळलेले की दोन्ही बाजूंना कायम लाळेचा एकेक धागा. डोळे मात्र असे, की तिचं काहीतरी हरवलंय आणि ती ते तुम्हालाच विचारतेय. मला ती बघताक्षणी आवडली. मम्मीला आधी लाळ दिसली.

पप्पा बिडकीनला एका कंपनीत इग्नासियो साहेबांची गाडी चालवतात. साहेब स्पेनचे. मशिनी बसवायला दोन वर्षांसाठी आलेत, बायको, दोन मुली आणि ब्रिसा यांच्यासकट. जुलैत साहेबांच्या वडिलांचं ऑपरेशन निघालं आणि सगळ्यांना बारा दिवसांसाठी गावी जावं लागलं. शहरात कुत्री सांभाळणारं एक ठिकाण आहे, तिथं ब्रिसाला एक दिवस ठेवून बघितलं तर तिनं घासाला तोंड लावलं नाही. साहेब गाडीत मागं डोकं धरून बसलेले, आणि पप्पांना दुसऱ्याची काळजी बघवत नाही. ते म्हणाले, "नो प्रॉब्लेम सर, माय होम." माय होम म्हणजे चितेगावात दोन खोल्या, पुढं एवढंसं अंगण आणि त्यात मम्मीची तुळस, बादल्या नि कपड्यांची दोरी.

साहेबांनी पप्पांना सगळं इंग्रजीत समजावलं. पप्पांनी ते आम्हाला मराठीत सांगितलं. मधे बरंच सांडलं.

"तिकडं बुर्गोस म्हणून भाग आहे, तिथली जुनी जात. शिकारीची. पण घरात लेकरांमध्ये पण राहते. आणि कार्ट्रिजची एकदम मास्टर आहे."

"कार्ट्रिज म्हणजे?"

"काडतूस गं. बंदुकीचं. म्हणजे बार काढला तरी घाबरत नसेल."

आमच्याकडं बंदूक नव्हती, त्यामुळं तो विषय तिथंच संपला. मी फोनवर शोधायला पाहिजे होतं. मी ब्रिसाबरोबर सेल्फी काढत होते.

साहेबांच्या धाकट्या मुलीनं, इनेसनं, मला तीन शब्द लिहून दिले होते, कारण ब्रिसाला फक्त त्यांची भाषा कळते. 'बेन' म्हणजे ये. 'क्येता' म्हणजे हलू नको. आणि 'कोब्रा' म्हणजे जा आणि घेऊन ये. इंग्रजी अक्षरांच्या खाली मी तिच्याकडून ऐकून मराठीत उच्चार लिहून घेतले होते. पहिल्याच संध्याकाळी मी गल्लीत पप्पांची स्लीपर लांब फेकली आणि पोटातून आवाज काढला, "कोब्रा." ब्रिसा वाऱ्यासारखी सुटली. आणि चार घरांतून चार माणसं काठ्या घेऊन बाहेर आली. पारूबाई मावशी साठाव्या वर्षी पाण्याच्या टाकीवर चढल्या. "कुठंय? कुठं गेला? बिळात घुसू देऊ नका." मी समजावून सांगेपर्यंत एकानं आमच्या बोरवेलच्या पाइपवर तीन दणके घातलेसुद्धा. त्या दिवसापासून गल्लीत ब्रिसाचं नाव पडलं सापवाली.

हे एरवी आम्ही वर्षभर हसलो असतो. पण गाव तेव्हा हसायच्या मनःस्थितीत नव्हतं.

ब्रिसा यायच्या आठवडाभर आधी पैठण रोडकडून एक पिसाळलेलं कुत्रं गावात शिरलं होतं. चार माणसांना चावलं, धनगरांच्या दोन मेंढ्या गेल्या. माझी मम्मी गावची आशा सेविका आहे. ती त्या चौघांना घेऊन इंजेक्शनला गेली, आणि मग घरोघर फिरून सांगत सुटली की पिसाळलेलं जनावर कसं ओळखायचं. तिचा घसा बसला. मी म्हटलं, मम्मी, शाळेत मी सांगते.

इथं माझ्याबद्दल एक सांगायला लागेल. नववीपर्यंत मी हजेरीला "उपस्थित" इतकं हळू म्हणायचे की बाई मला गैरहजर लावायच्या. मागच्या डिसेंबरात मला जबरदस्तीनं वक्तृत्व स्पर्धेला पैठणला पाठवलं, आणि काय झालं कोण जाणे, माइकसमोर माझा आवाज उघडला. तालुक्यात दुसरी आले. तेव्हापासून तो आवाज बंद होत नाही. घरी येणाऱ्या गॅसवाल्याला पण मी मुद्देसूद बोलते.

तर मी परिपाठाला उभी राहिले. सहाशे पोरं. मी सांगितलं, "तोंड लोंबतं. लाळ गळते. चालता चालता मधेच थांबतं आणि एकाच जागी बघत राहतं. मालकानं हाक मारली तरी ओळखत नाही." नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. स्टेजवर चालता चालता थांबले, मान ताठ केली, एक पाय गुडघ्यात दुमडून अधांतरी धरला. पाय मी माझ्या मनानं घातला होता, उठाव यावा म्हणून. टाळ्या थांबेनात. पोरांनी घरी जाऊन आईबापांना ते करून दाखवलं. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, अपेक्षा, तू गाव वाचवलंस.

चार दिवसांनी ब्रिसा आली. तोंड लोंबलेलं, लाळ गळणारी.

मम्मीनं पहिल्याच रात्री सांगून ठेवलं, "हिला माणसांत न्यायचं नाही. कोणाचं डोकं फिरलं तर मी कोणाकोणाला समजवू? सकाळी लवकर न्यायची, लवकर आणायची." जेवताना पप्पा दर दोन मिनिटांनी ब्रिसाकडं बघत होते. साहेब त्यांना म्हणाले होते, माझ्या मुली तिच्यासोबत मोठ्या झाल्या, राजकुमार. ते एक वाक्य पप्पांना सगळं कळलं होतं.

सहा दिवस मी सडकेनं नेली. सातवा दिवस रविवार होता, आणि रविवारी सडकेवर मटणाच्या दुकानासमोर सकाळपासूनच गर्दी. म्हणून मी कंपन्यांच्या कंपाऊंडमागं वळले. तिकडं पडीक जमीन आहे, मग कपाशीचं एक रान, मग नाला. माणूस नव्हतं. मला वाटलं, किती हुशार मी.

नाल्याच्या अलीकडं ब्रिसाचं नाक वर गेलं. तिची अशी मान मी आधी बघितली नव्हती. सगळा दिवस झोपेत असल्यासारखी असणारी ब्रिसा एका क्षणात दुसरंच कोणीतरी झाली. तिनं हिसका दिला, मी मागं ओढलं, आणि तिच्या मानेच्या त्या सैल कातडीवरून पट्टा सरकत आला आणि कानांवरून निघाला. पट्टा माझ्या हातात. ब्रिसा कपाशीत.

मी "बेन" ओरडत पळाले. कपाशी घोट्याएवढीच होती, पण पुढं गवत कमरेएवढं, आणि बाभळी. चपलेत काटा घुसला, तो काढायला वेळ नव्हता. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. माझ्या डोक्यात एकच चित्र येत होतं, साहेबांची इनेस विमानतळावर उतरलीय आणि पप्पा गाडीचं दार उघडून उभे आहेत आणि त्यांना बोलता येत नाहीये. मग मला मेंढरांचा आवाज आला. आणि त्याच्यावरून माणसांचा.

"पिसाळलंय. पिसाळलंय. लेकरं मागं घ्या."

नाल्याच्या काठावर मल्हारराव काकांची मेंढरं बसली होती. शे-सव्वाशे. त्यांच्या पुढं मोकळ्या जागेत ब्रिसा उभी होती. चालता चालता थांबलेली. मान ताठ, शेपूट काठीसारखी सरळ, नजर समोरच्या गवतात एकाच जागी. ओठाच्या टोकाला लाळ वीतभर लांब झालेली. आणि पुढचा उजवा पाय गुडघ्यात दुमडून अधांतरी.

माझं भाषण होतं ते. जसंच्या तसं. पायासकट.

सात-आठ माणसं काठ्या, दगड घेऊन अर्धगोल उभी होती. सगळ्यांच्या पुढं मल्हारराव काका, हातात बाभळी छाटायची लांब दांड्याची कुऱ्हाड. त्यांची दिपाली आमच्या शाळेत आठवीत आहे. ती दगडाच्या ढिगावर चढून सगळ्यांना सांगत होती, "बघा, पाय बी तसाच हाय. ताईनं असाच केलता." मग तिला मी दिसले. "ही बघा, आली ताईच. हिलाच इचारा."

सगळे माझ्याकडं वळले. सहाशे पोरांसमोर मी मागं सरकले नव्हते. आता एक पाऊल मागं सरकले.

"ती आमची आहे," मी म्हटलं. "पिसाळलेली नाहीये."

"राजकुमार डायवरची पोरगी ना तू?" मल्हारराव काकांनी ब्रिसावरची नजर काढली नाही. "लांब राहा."

"काका, तिला सगळी इंजेक्शनं दिलेली आहेत. तिच्याकडं पासपोर्ट आहे. निळं पुस्तक, त्यात तारखा, शिक्के, सगळं."

मागून कोणीतरी हसलं. "कुत्र्याला पासपोर्ट. माझं आधार अजून लिंक नाय बाबा."

"कुठंय ते पुस्तक?" काका म्हणाले.

"घरी."

"मंग झालं."

मी पुढं निघाले तर आक्काबाई काकूंनी, दिपालीच्या आईनं, माझा दंड धरला. शेळी धरावी तसा. "पोरी, वेडी का काय? तुझी आईच सांगून गेली दारात, लाळंला हात लावायचा नाय."

"हाक मार बरं तिला," काका म्हणाले. "तुझी हाय ना? मार हाक."

मला बरं वाटलं. एवढंच ना. मी जमेल तेवढ्या मऊ आवाजात म्हटलं, "ब्रिसा. बेन."

ती हलली नाही.

"बेन, ब्रिसा. बेन."

कान सुद्धा हलला नाही. फक्त लाळेचा धागा तुटून गवतावर पडला. दिपाली ढिगावरून म्हणाली, आणि बिचारी मुद्दाम नव्हती म्हणत, तिला ते पाठ होतं, "मालकानं हाक मारली तरी ओळखत नाही."

काठ्या जरा वर झाल्या.

मी मम्मीला फोन लावला. म्हटलं, नाल्याजवळ ये, पासपोर्ट घेऊन ये, आत्ता. ती म्हणाली, "हात लावू नकोस, मी आले, काका आहेत का तिथं, त्यांना दे फोन." काकांनी फोन घेतला नाही. ते म्हणाले, "करुणाताईंना सांग, तुमचंच ऐकतोय." मग ते माझ्याकडं बघत हळू आवाजात म्हणाले, "पोरी, दहा दिस झाले, माझा कुत्रा मारला मी, लखू. नऊ वर्सं मेंढरं राखली त्यानं. रात्री माझ्या पायाशी झोपायचा. असाच थांबला, अशीच लाळ. माझ्या हातानं मारला. तर आता तुझ्या साहेबाचं सोडू व्हय?"

मला एक गोष्ट सुचली. कागदावरचा तिसरा शब्द. 'बेन'ला ती हलत नव्हती, पण 'कोब्रा'ला ती हलणार, ते मी गल्लीत बघितलं होतं. तो शब्द माझ्या जिभेवर आला. आणि त्याच वेळी मला गल्लीतले ते चार काठीवाले दिसले. इथं आठ काठ्या होत्या. मी 'कोब्रा' म्हणणार, ब्रिसा उडी घेणार, आणि नाल्याच्या गवतात उभ्या माणसांनी तो शब्द ऐकल्यावर काठ्या कुठं पडणार, ते पडल्यावरच कळणार. मी तोंड दाबून धरलं. खरंच, हातानं.

तोंड बंद केलं म्हणून असेल, मी पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं. मी स्टेजवर जे केलं होतं त्यात माझे डोळे कुठंच बघत नव्हते, मी ते मुद्दाम रिकामे ठेवले होते. ब्रिसाचे डोळे रिकामे नव्हते. तिचं नाक अगदी बारीक हलत होतं, आत-बाहेर, आत-बाहेर. अंग थांबलेलं, पण झोपलेलं नाही. देवळात दिवा विझू नये म्हणून कोणी हाताचा आडोसा धरून उभं राहतं ना, तशी ती उभी होती. तिला काहीतरी कळलं होतं आणि ती ते आम्हाला कळायची वाट बघत होती.

"काका," मी म्हटलं. माझा जुना, गैरहजर लागणारा आवाज आला. "ती कुठं बघतेय ते एकदा बघा. मग मारा."

'मग मारा' मी का म्हटलं, ते मला अजून कळत नाही.

"आता काय बघायचं त्यात?" एक जण म्हणाला. "मल्हारबा, घाला एक, मोकळं व्हा. मेंढरं उठली तर पंचाईत."

काका मात्र थांबले. धनगर माणूस जनावराचे डोळे वाचतो असं पप्पा म्हणतात. काका कुऱ्हाड खाली न घेता कडेनं चालत ब्रिसाच्या मागं गेले. ती मागं सुद्धा वळली नाही. ते उकिडवे बसले. त्यांचं डोकं तिच्या डोक्याच्या उंचीला आलं. मग त्यांनी तिच्या नाकाच्या रेषेत बघायला सुरुवात केली.

एका मेंढराची घंटा वाजली आणि थांबली. आक्काबाई काकूंची बोटं माझ्या दंडात रुतली होती. एका माणसानं दगड एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, तो आवाज सुद्धा मला ऐकू आला. मी मनात म्हणत होते, क्येता ब्रिसा, क्येता, हलू नको, आता फक्त हलू नको.

काकांनी डावा हात मागं करून सगळ्यांना थांबायची खूण केली. ते कुजबुजले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"तित्तर हाय."

एका जणानं मान लांब करून गवतात बघितलं.

"मादी. अंड्यावर बसलीय. हातभर अंतरावर हाय, तरी हिनं दात लावला नाय." ते पुन्हा वाकून बघायला लागले. त्यांचा आवाज बदलला होता. "माझा बाप तित्तर बघायचा, तर त्याला बी पायाखाली येईस्तोवर दिसायचं नाय. अरे, हे धरत नाय. हे दावतंय."

माझ्या डोक्यात तेव्हा एकदम खडाखड झालं. कार्ट्रिज नाही. पार्ट्रिज. सातवीच्या इंग्रजीच्या पुस्तकात चित्र होतं. पप्पांनी सहा दिवस तित्तराचं काडतूस करून ठेवलं होतं, आणि मी दुसरी आलेली वक्ता, एकदा विचारलं नाही.

"दावं?" आक्काबाई काकू म्हणाल्या आणि माझा दंड सोडून पळाल्या. त्यांना वाटलं काकांनी बांधायला दावं मागितलं. त्या मेंढरांच्या सामानातून दोरखंड घेऊन आल्या तेव्हा काका त्यांच्याकडं बघतच राहिले. "दावं नाय गं बाई. दावतंय म्हणलो." मग म्हणाले, "आणलंय तर दे."

पण दगडवाला अजून दगड धरून होता. "आन् लाळ? मल्हारबा, लाळंचं काय? तित्तर बी दिसंल आन् पिसाळलेलं बी आसंल."

पासपोर्ट अजून रस्त्यात होता. माणसं हलली नाहीत. मला वाटलं, संपलं, आता बोलण्यानं काही होणार नाही.

काकांनी कुऱ्हाड जमिनीवर ठेवली. दोर खांद्यावर टाकला. ब्रिसाच्या बाजूला गेले, एक हात तिच्या पोटाखालून घातला, आणि लंगडं मेंढरू उचलतात तसं तिला उचलून मानेवर घेतलं. पुढचे दोन पाय एका मुठीत, मागचे दोन दुसऱ्या मुठीत. तीस किलोची ब्रिसा त्यांच्या खांद्यावर आडवी झाली. तिचं लोंबलेलं तोंड त्यांच्या कानापाशी. तिनं नाक अजून त्या गवताकडंच वळवलेलं होतं. आणि तिची लाळ काकांच्या पांढऱ्या बंडीवरून सरळ खाली ओघळली, सगळ्यांच्या देखत.

"लागली मला," काका म्हणाले. "आता काय म्हणणं?"

दगड खाली पडला.

ते तिला तसंच घेऊन चालत पडिकातल्या हातपंपापर्यंत आले. मागं गवतात काही फडफडलं नाही. तित्तर बसलेलीच राहिली. मी काकांच्या मागं पट्टा घेऊन चालत होते आणि मला रडू येत होतं, पण दिपाली बाजूनं चालत होती म्हणून मी ते गिळत होते.

"ताई," ती म्हणाली, "मंग पाय वर केला तर पिसाळलेलं नसतं का?"

"पाय मी उगाच घातला होता, दिपाली."

"उगाच?"

"बरं दिसावं म्हणून."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

मम्मी स्कूटीवर आली, एका हातात निळा पासपोर्ट, पिशवीत साबण. पासपोर्ट तिनं दाखवलाच नाही आधी. आधी म्हणाली, "कोणाकोणाला लाळ लागलीय? हात पुढं करा." काका म्हणाले, "ताई, बरं हाय हो कुत्रं." मम्मी म्हणाली, "माहितीये. हात करा." तिनं मला आणि काकांना हातपंपाखाली बसवलं आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं साबणानं धुवायला लावलं. काकांची मान, कान, खांदा. आक्काबाई काकू पंप मारत होत्या आणि म्हणत होत्या, "दिवाळीला बी येवढी आंघोळ करीत नाय हा माणूस." माणसं हसायला लागली. मग मम्मीनं पासपोर्टातले शिक्के एकेकाला दाखवले. वाचता कोणालाच येत नव्हतं, पण ब्रिसाचा फोटो बघून सगळे म्हणाले, हां, हीच हाय.

माणसं पांगली. मम्मी स्कूटीकडं गेली. काका पंपाच्या ओट्यावर ओल्या बंडीत बसले होते. दाव्यानं बांधलेली ब्रिसा त्यांच्या पायाशी बसली होती आणि त्यांच्या हाताला येणारा साबणाचा वास घेत होती. त्यांनी तिच्या कानाला हात लावला.

"पोरी," ते म्हणाले, "तू शिकलेली हायेस. एक सांग. लखूच्या अंगावर मला दाताची खूण सापडली नव्हती. केस बाजूला करकरून बघितलं, मारल्यावर. दिपाली शाळंतून सांगत आली, आन् तो पडवीत असाच थांबलेला, भिंतीकडं बघत. तिथं घूस असायची कधी कधी." त्यांनी ब्रिसाचा कान सोडला. "ते पिसाळलेलं होतं, का नव्हतं?"

मी दहावीत आहे. मला मुद्दे मांडता येतात, आवाज चढवता येतो, उतरवता येतो. मला ह्याचं उत्तर माहीत नव्हतं. आणि आता ते कोणालाच कधी माहीत होणार नव्हतं. दिपाली लांब उभी राहून आमच्याकडं बघत होती. काकांनी तिला ऐकू जाणार नाही एवढ्याच आवाजात विचारलं होतं.

"मला नाही माहीत, काका," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, जणू मी बरोबर उत्तर दिलं. "हे कधी जाणार?"

"शुक्रवारी साहेब येतील."

"तवर इकडं आणू नको. मी वळखतो तिला. बाकीचे वळखत नाय." त्यांनी दावं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "मनगटाला दोनदा गुंडाळ. पट्ट्यावर भरवसा नको."

मम्मीनं ब्रिसाला स्कूटीवर घेणं शक्यच नव्हतं, म्हणून ती हळूहळू पुढं चालवत राहिली आणि आम्ही मागून. मटणाच्या दुकानासमोर अजून रांग होती. बातमी आमच्या आधी पोचली होती, पण ती कुठली बातमी, पिसाळल्याची का तित्तराची, ते तोंडांवरून कळत नव्हतं. पारूबाई मावशी ओट्यावर उभ्या होत्या.

घरी पोचेपर्यंत ब्रिसा तीनदा थांबली. एकदा कबुतरांसमोर, एकदा कोंबडीसमोर, एकदा कशासमोर ते मला दिसलंच नाही. तिन्ही वेळा तिचा पाय वर गेला, आणि तिन्ही वेळा मी ती काय दाखवतेय ते बघायच्या आधी आजूबाजूला कोणाच्या हातात काय आहे ते बघितलं.